आक्र्याच्या कुंदाकाकू

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयच्या मराठी मंडळात नवीन माणूस आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही कुठले?" उत्तरंही बहुतेक ठरलेलीच. पुणे, ठाणे, नागपूर. पुण्याचं असेल तर मग शाळा कुठली, गल्ली कुठली, आणि जरा वेळाने कोणीतरी कोणाच्या तरी मावसबहिणीच्या वर्गात होतं असं निघतं. त्या वर्षी संक्रांतीचं पॉटलक एका शाळेच्या कॅफेटेरियात होतं. बाहेर गुडघाभर बर्फ. आत सगळ्या बायका काळ्या साड्यांत, आणि जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या त्यांच्या अंगात पिवळ्या-निळ्या मोठ्या छापाचा पायघोळ झगा, डोक्याला त्याच कापडाची पट्टी, कानात लांब लोंबते डूल. वय सत्तरीच्या पुढचं असावं. मी सवयीने विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या?"

"आक्र्याची."

"अय्या, आग्र्याच्या? मग मराठी इतकं छान कसं?"

"आग्रा नाही गो. आक्रा. घाना देशातलं. आफ्रिका."

"हो का? नाही, म्हणजे मूळच्या कुठल्या?"

"मूळ वेंगुर्ल्याचं," त्या म्हणाल्या. "पण तू गाव विचारलंस ना? गाव आक्रा."

मग त्यांनी टेबलावरच्या भांड्यांवरून नजर फिरवली. गुळाच्या पोळ्या, मटारभात, तीन प्रकारची उसळ. "हे सगळं घरात केलेलं?"

"हो, पॉटलक आहे ना."

"म्हणजे आज पण घरचंच," असं म्हणून त्यांनी पुढे ताट केलं. त्या आवाजात जी निराशा होती तिचा अर्थ मला पुढे कित्येक महिन्यांनी कळला.

आम्ही नुकतेच ज्या कॉलनीत राहायला आलो होतो तिथेच कुंदाकाकू, दोन घरं सोडून, मुलाकडे राहत होत्या. मुलगा निखिल गाड्यांच्या कंपनीत, सून रुचा आयटीत. काकूंचे यजमान विश्वासराव लग्नानंतर लगेचच आक्र्याच्या बाजूला एका कापडगिरणीत स्पिनिंग मास्तर म्हणून गेले होते. गिरणी पुढे बंद पडली, पण ही दोघं परतली नाहीत. विश्वासरावांनी मशीनच्या सुट्या भागांचा धंदा काढला आणि चाळीसेक वर्षं तिथेच काढली. ते तिथेच गेले, तिथेच त्यांना अग्नी दिला. मग एकट्या राहिलेल्या आईला निखिल इकडे घेऊन आला. वेंगुर्ल्यात आता कोणी नव्हतं. आक्र्यातलं घर भाड्याचं होतं.

मी तेव्हा गाड्यांच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर टेस्ट करत होते, बरेचसे दिवस घरूनच. माझा नवरा प्रोजेक्टसाठी सोमवार ते शुक्रवार टेक्ससला. दिवसभरात तोंड उघडायचं ते मीटिंगमध्ये. त्यामुळे बर्फ वितळल्यावर संध्याकाळी खिडकीतून काकू फिरायला निघालेल्या दिसल्या की मीही चपला अडकवायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी ट्रॅक पँटमध्ये होते.

"अशी येणारेस?"

"वॉकला तर चाललोय काकू."

"बाहेर जायचं तर माणसासारखं जायचं. कोण भेटेल सांगता येतं का?"

कोणीही भेटायचं नाही. एकसारखी घरं, बंद गॅरेजं, शेवटी एक तळं आणि त्यात गूज पक्षी. कुत्र्याला घेऊन कोणी दिसलाच तर लांबूनच हात करायचा. तरी काकू रोज कानातले घालून, लिपस्टिक लावून, खांद्याला पर्स लटकवून निघायच्या. एकदा म्हणाल्या, "इथे बाहेर नाहीच गो. घर आहे, मग गाडी आहे, मग परत घर. बाहेर कुठेय?"

म्हणून त्या बोलता बोलता मला त्यांच्या बाहेर घेऊन जायच्या. आधी वार विचारायच्या.

"आज काय, शुक्रवार? मग ओसू भागात. नीट अंधार पडायच्या सुमारास जायचं, दिवे लागतात तेव्हा. कोपऱ्यावर एक बाई कढई मांडते. पिकलेली राजेळी केळी, आपली वेंगुर्ल्याची असतात ना तशीच, त्यांचे तुकडे, त्याला आलं आणि मिरची चोळलेली, आणि तळून कागदात. केलेवेले म्हणतात. वर भाजलेले दाणे. बसायचं नाही. उभ्याने खायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे बघायचे."

शनिवारी सकाळी वाचे. चवळी घालून केलेला भात, त्यात ज्वारीची पानं टाकतात म्हणून रंग चॉकलेटी. त्यावर काळी झणझणीत चटणी, उकडलेलं अंडं, तळलेला मासा. "घरून भांडं न्यायचं. उशिरा गेलीस तर संपलेलं. नाव वाचे, पण खाताना सगळ्यांची वाचा बंद!" या विनोदावर त्या दर वेळी नव्याने हसायच्या. रविवारी लबाडीचा समुद्रकिनारा. लबाडी हे नाव ऐकून मीही हसले. तिथे ढोल, घोडे, कणसं, आणि नाचायला लागलेली कुठलीही माणसं. मंगळवारी मासे खायला जायचं नाही, कारण मंगळवारी तिथले कोळी होडी काढत नाहीत, सगळं आदल्या दिवसाचं. हे सांगताना त्या रस्त्याकडे बोट करायच्या, "इथून डावीकडे वळलं की", आणि मी खरंच डावीकडे बघायची. डावीकडे कोणाचं तरी बास्केटबॉलचं नेट असायचं.

मिनीबसमधला पोरगा सर्कल नावाच्या चौकाचं गिऱ्हाईक ओरडून कसा गोळा करतो ते त्या करून दाखवायच्या. "सर्क, सर्क, सर्क, सर्क!" तळ्याकाठी त्या असं ओरडल्या की गूज उडून जायचे.

तिथल्या रीतीप्रमाणे त्या माणसाला जन्मवाराचं नाव द्यायच्या. मी मंगळवारची निघाले म्हणून मी अबेना. त्या स्वतः गुरुवारच्या, याआ. "इथे मला याआ म्हणणारं कोणी नाही. आई म्हणतात, काकू म्हणतात. याआ म्हटलं की मला माझंच तोंड दिसतं."

कम्फर्टचं नाव हळूहळू आलं. आधी नुसतं "आम्ही" असायचं. आम्ही जायचो, आम्ही बसायचो. मला वाटलं विश्वासराव आणि त्या.

"छे गो! ते कुठले? ते पक्के शाकाहारी. त्यांच्यामुळे माझं घरही शाकाहारी. मी वेंगुर्ल्याची. बांगड्याशिवाय माझा दिवस गेला नव्हता कधी. लग्न केलं आणि दोन वर्षं मासा बघितला नाही. आक्र्यात समोर समुद्र, नाकाला वास, आणि मी घरात बटाट्याची भाजी करतेय."

एक दिवस पडद्याचं कापड घ्यायला त्या मकोला बाजारात गेल्या. कापडवाली त्यांच्याच वयाची, धिप्पाड, हसरी. तिचं नावच कम्फर्ट. भाव करताना तिने मध्येच विचारलं, "तू जेवलीस का?" काकू म्हणाल्या, हो. ती म्हणाली, खोटं बोलतेस. आणि दुकानावर भाचीला बसवून ती काकूंचा हात धरून त्यांना गल्लीतल्या एका टपरीत घेऊन गेली. तिथे केंके होतं. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला. बाजूला मातीच्या भांड्यात ठेचलेली मिरची आणि टोमॅटो, आणि अख्खा तळलेला मासा.

"मी एक शब्द बोलले नाही. काट्यापर्यंत खाल्ला. मग वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत बसलेली. म्हणाली, यू वेअर हंग्री फॉर लाँग."

तेव्हापासून दर आठवड्याला दोघी बाहेर जेवायच्या. परतताना काकू लिंबाने हात चोळायच्या. विश्वासरावांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते म्हणाले होते, "जाऊन येत जा. फक्त काय खाल्लंस ते मला सांगू नकोस." पुढची कितीतरी वर्षं ते फक्त "कुठे गेली होतीस?" एवढंच विचारायचे आणि काकू जागेचं नाव सांगायच्या. अगदी शेवटच्या आजारात, अंथरुणावर असताना, त्यांनी एकदा विचारलं, "आणि काय खाल्लंस?" काकूंनी सगळं सांगितलं, मिरचीसकट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"माणूस चांगला होता गो," काकू म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

निखिल-रुचाने त्यांचं काही कमी केलं नाही, हे मी शेजारी म्हणून सांगू शकते. वाढदिवसाला ते त्यांना एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले, मलाही बोलावलं. काकूंनी सोनेरी किनारीचा झगा घातला होता. वेट्रेस आली, तिने आपलं नाव सांगितलं. काकूंनी तिला विचारलं, "यू हॅव ईटन?" ती गोंधळली, म्हणाली, येस मॅम, थँक यू. मग काकूंनी विचारलं, आज स्वयंपाक कोणी केलाय, तिला मला बघायचंय. मुलगी म्हणाली, तिथे टीम असते, पाहुण्यांना आत जाता येत नाही. रुचा हळूच म्हणाली, "आई, जाऊ दे ना." पास्ता आला, केक आला, बिल आलं. पाऊण तासात आम्ही पार्किंगमध्ये होतो. काकू गाडीत बसायच्या आधी वळून त्या इमारतीकडे बघत होत्या. "एवढंच?" त्यांनी विचारलं. निखिल म्हणाला, "आवडलं नाही का आई?" "आवडलं की. छान होतं."

रुचाच्या स्वयंपाकघरातही मासा चालत नव्हता. काकूंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. घर जिचं तिची रीत, हे त्या आयुष्यभर पाळत आल्या होत्या. पण जूनमध्ये, ती दोघं ऑफिसला गेलेली असताना, त्यांनी एक दिवस गॅरेजचं दार वर केलं. कॅम्पिंगचा स्टोव्ह काढला, फोल्डिंगचं टेबल मांडलं, त्यावर फुलाफुलांचं कापड, चार खुर्च्या. आणि कढईत केळ्याचे तुकडे सोडले. मला फोन आला, "अबेना, खाली ये. जेवायला बाहेर जाऊया."

मी लॅपटॉप म्यूट करून गेले. वास खरंच सगळ्या गल्लीत भरला होता. आलं, मिरची, गोडसर काहीतरी. आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून बसलो. काकू जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघून हसत होत्या. बऱ्याच वेळाने एक गाडी थांबली. एक गोरे आजोबा उतरले, आत आले, खुर्ची उलटी करून बघितली आणि विचारलं, "हाउ मच फॉर द चेअर्स?" त्यांना गॅरेज सेल वाटला होता.

"सिट, सिट," काकू म्हणाल्या. "द चेअर इज फ्री. ईट."

आजोबा जरा वेळ उभे राहिले. मग एक तुकडा उचलून तोंडात टाकला, "दॅट्स डिफरंट," म्हणाले, आभार मानले आणि गेले. काकू त्यांच्या गाडीच्या मागे बघत राहिल्या. "बसला असता तर काय झालं असतं?"

संध्याकाळी कॉलनीच्या असोसिएशनचा ईमेल आला, घरगुती जागेत व्यवसाय चालवू नये असा. निखिल बाहेर आला तेव्हा मी भांडी आवरायला मदत करत होते. "आई, प्लीज यार, इथे असं नाही चालत."

"काय चालतं इथे? ते तरी सांग एकदा," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

निखिल तिथेच थांबला. मी हे पार विसरले होते की तो आक्र्यातच जन्मला आणि वाढला. तो म्हणाला, "अठराव्या वर्षी मी तिथून निघालो. पहिलं वर्ष इतकं बेकार गेलं ना, की मी ठरवून सगळं विसरलो. आई बोलायला लागली की मला उठून जावंसं वाटतं." मग त्याने गार झालेल्या कढईतला एक तुकडा उचलला, खाल्ला, आणि दुसरा. दार खाली ओढायच्या आधी कढई रिकामी झाली होती.

त्यानेच डिसेंबरच्या सुट्टीत आईला आक्र्याला नेलं. काकूंनी महिनाभर आधी बॅग भरली. निघताना मला म्हणाल्या, "तुला काय आणू? केलेवेले तर येणार नाही."

परत आल्या त्या गप्प. थंडी होती म्हणून फिरणं बंदच होतं, पण फोनवरही "बरी आहे" एवढंच. मार्चमध्ये रस्ता मोकळा झाला तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. त्या आल्या, कानातले न घालता.

"सगळं आहे गो तिथे," त्या आपणहून म्हणाल्या. "वाचेवाली नाही, तिची सून बसते. हात तोच. निखिल दोन ताटं जेवला, पोरासारखा. मला घास जाईना. मी सारखी बाजूला बघत होते."

आक्रा सोडल्यावर पहिली दोन वर्षं कम्फर्टचा फोन लागायचा. मग तो नंबर बंद झाला. काकूंनी मनाशी धरलं होतं की ती गेली असेल. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर मला तिच्यासोबतच्या जागा फिरवून आणल्या, पण हे नाही. मकोला बाजारात दुकानावर भाची बसलेली होती. तिने काकूंना ओळखलं, मिठी मारली आणि सांगितलं की मावशी आहे, मुलीने तिला तीन वर्षांपूर्वीच नेलं. अमेरिकेत. कोलंबस, ओहायो.

मी थांबले. कोलंबस आमच्यापासून गाडीने चार तासांच्या आत.

"मी हिला शोधायला समुद्र ओलांडून गेले," काकू म्हणाल्या, "आणि ही शेजारच्या गावात बसलीय. माझ्यासारखीच. कोणाच्या तरी घरात."

भाचीने दिलेला नंबर त्यांच्याकडे होता. त्यांनी फोन केला नव्हता. का, विचारलं तर म्हणाल्या, "फोनवर ती काय सांगेल? बरी आहे. मी काय सांगेन? बरी आहे." निखिल म्हणत होता पुढच्या महिन्यात नक्की जाऊ. त्याचं नवं मॉडेल बाजारात यायचं होतं, पुढचा महिना पुढेच जात होता. मेच्या एका शनिवारी मी काकूंना घेऊन निघाले. त्या दिवशी कानातले होते, लिपस्टिक होती, पिवळा-निळा झगा होता. टोलीडो येईपर्यंत त्या बडबडत होत्या. नंतर दोन्ही बाजूंना नुसती सपाट शेतं लागली आणि त्या कानातले पुन्हा पुन्हा चाचपायला लागल्या.

दार कम्फर्टच्या मुलीने उघडलं. ग्रेस, हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवरून नुकतीच आलेली. आत टीव्ही चालू होता. आरामखुर्चीत कम्फर्ट बसल्या होत्या. काकूंच्या वर्णनातली धिप्पाड बाई नव्हती ती. गालफडं बसलेली, मांडीवर शाल, उजवा हात शालीखाली. काकू दारातच थांबल्या. त्या दोघी एकमेकींकडे इतका वेळ बघत राहिल्या की ग्रेसने टीव्ही बंद केला.

"याआ," कम्फर्ट म्हणाल्या. जीभ जड होती, शब्द घसरत येत होते. "यू हॅव केप्ट लाँग." फार वेळ लावलास.

काकू जाऊन खुर्चीच्या हातावरच बसल्या आणि त्यांच्या भाषेत सुरू झाल्या. मला काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. जरा वेळाने काकू माझ्याकडे वळल्या. "चल, गाडी काढ. जेवायला बाहेर जायचं."

कम्फर्ट यांनी मान फिरवली. ग्रेसने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की स्ट्रोक झाल्यापासून आईचा उजवा हात गेलाय. डाव्या हाताने जेवणं त्यांच्यात असभ्य समजतात. घरात ती एकटी असताना कसंबसं चमच्याने खाते, पण चार लोकांत नाही. तीन वर्षांत ती कुठल्या समारंभाला, चर्चनंतरच्या जेवणालाही थांबलेली नाही. "शी इज अशेम्ड," ग्रेस म्हणाली. "आय डोन्ट फोर्स हर."

मी हे काकूंना मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून कम्फर्ट यांची शाल घडी घालून बाजूला ठेवली आणि जुना, ठेवणीतला आवाज काढून म्हणाल्या, "याआला भूक लागलीय. याआ एकटी जेवणार का?"

कोलंबसला घानाची बरीच माणसं आहेत. ग्रेसने सांगितलेली जागा एका जुन्या शॉपिंग प्लाझात होती, टायरच्या दुकानाशेजारी. प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, भिंतीवर कॅलेंडर, मोठ्याने लावलेलं गाणं, शनिवारची गर्दी. काकू दारातच क्षणभर थांबल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. मी कम्फर्टच्या समोर काकूंसाठी खुर्ची ओढली, तर त्या नको म्हणाल्या. त्या कम्फर्ट यांच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून बसल्या.

केंके आलं, मासा आला, ठेचा आला. काकूंनी हात धुतले. आणि मग त्यांनी जे केलं ते इतकं सहज होतं की शेजारच्या टेबलावरच्या कोणाच्या लक्षातही आलं नसेल. त्या माझ्याशी बोलत होत्या, विश्वासरावांच्या जुन्या स्कूटरबद्दल काहीतरी, बघत होत्या माझ्याकडे, आणि त्यांचा उजवा हात आपला आपण केंके तोडत होता, ठेच्यात बुडवत होता, माशाचा काटा काढत होता. एक घास स्वतःला, एक घास शेजारी. दोघींमध्ये मिळून जणू तो एकच हात होता. कम्फर्ट यांनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी डाव्या हाताने पुसलं.

"व्हॉट?" काकूंनी विचारलं.

"द पेपर," कम्फर्ट म्हणाल्या. "इट इज नॉट हॉट."

काकूंनी मालकिणीला हाक मारली आणि तिला चांगलंच सुनावलं. ती हसत हसत आणखी ठेचा घेऊन आली. आम्ही तिथे संध्याकाळ होईपर्यंत बसलो. टेबलं रिकामी झाली, पुन्हा भरली.

निघताना काकू खुर्चीपाशी वाकल्या. "येते," त्या मराठीतच म्हणाल्या. मला सांगितलं, "तिथेही असंच म्हणतात. जाताना म्हणतात, आय ॲम कमिंग. जाते म्हणत नाहीत."

त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी दोनदा गेलो. एकदा निखिलही आला. त्याला बघून कम्फर्ट यांनी डाव्या हाताने त्याचा कान धरला, आणि तो तसाच वाकून उभा राहिला. नंतर थंडी आली. ग्रेसने जानेवारीत फोन केला, दुसरा झटका आला होता, त्यात कम्फर्ट गेल्या. अंत्यविधी शनिवारी होता आणि शुक्रवारपासून बर्फाचं वादळ. हायवेवर गाड्या अडकल्या होत्या. निखिल सकाळपासून रस्ते बघत होता, आणि शेवटी म्हणाला, "आई, नाही जमणार."

ग्रेसने व्हिडिओची लिंक पाठवली होती. मी गेले तेव्हा काकू लाल-काळ्या कापडात, डोक्याला काळी पट्टी बांधून टीव्हीसमोर ताठ बसल्या होत्या. तिकडे चर्च भरलं होतं, गाणी चालली होती, बायका रांगेने नाचत पुढे जात होत्या. काकूंचे खांदे त्या तालात हलत होते, फक्त खांदे. मग तिकडे जेवणं सुरू झाली. कॅमेरा कोणीतरी टेबलावर ठेवून दिला होता, त्यात लोकांच्या पाठी आणि ताटं दिसत होती. काकू ते बघत राहिल्या.

रुचा आतून आली. तिच्या हातात ताट होतं. बाहेरून मागवलेला तळलेला मासा, लिंबाची फोड. डिलिव्हरीवाला त्या बर्फातून आला कसा ते देव जाणे. तिने ते ताट काकूंच्या मांडीवर ठेवलं, नाकाला ओढणी लावली नाही, आणि शेजारी बसली. काकूंनी थोडंसं खाल्लं. "थँक यू गो," म्हणाल्या. उरलेलं तसंच राहिलं.

त्या वसंतात आमचं दुसऱ्या राज्यात, हर्नडनला, राहायला जायचं ठरलं. नवऱ्याला तिथे कायमची नोकरी मिळाली, माझं काम कुठूनही होत होतं. आदल्या संध्याकाळी मी काकूंचा निरोप घेतला. त्यांनी मला फार वेळ धरून ठेवलं नाही. "जा. तिथे बाहेर असेल तर कळव," एवढंच म्हणाल्या.

सकाळी ट्रक पुढे गेला. मी मागून माझी गाडी घेऊन निघाले. कॉलनीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर एक बस स्टॉप आहे. इतक्या दिवसांत तिथे मी कोणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिथे पिवळा-निळा झगा होता. मी गाडी कडेला घेऊन काच खाली केली.

"काकू, कुठे निघालात?"

"तू अजून इथेच?" त्या म्हणाल्या. "मी होय? जेवायला."

"कुठे पण?"

"माहीत नाही गो. ही बस कुठे ना कुठे थांबत असेलच. तिथे माणसं असतील, खात असतील काहीतरी."

"निखिलला सांगितलंय का?"

"आल्यावर सांगेन. काय खाल्लं ते पण सांगेन. तू नीघ, मागे गाड्या आहेत."

मागे एकही गाडी नव्हती. तेवढ्यात बस आली. मी थोडी पुढे जाऊन थांबले आणि आरशात बघत राहिले. काकू कठड्याला धरून वर चढल्या. बस पूर्ण रिकामी होती, खिडकीतून दुसऱ्या बाजूचं आकाश दिसत होतं. त्या सगळ्या मोकळ्या सीटा सोडून काकू ड्रायव्हरच्या अगदी मागे बसल्या. ड्रायव्हर एक जाडजूड बाई होती. काकू पुढे वाकल्या आणि मकोलातल्या कम्फर्टसारखं तिला काहीतरी विचारलं. त्या बाईने वरच्या आरशात बघितलं, मग मान वळवून मागे बघितलं. सिग्नल हिरवा झाला, तरी बस जरा वेळ तिथेच उभी होती.